गुच्छ नको, पुडी पाठवा

सणासुदीला भांडण काढू नये, हा संकेत मला ठाऊक आहे. अभ्यंगस्नान आटोपून, चकलीचा तुकडा मोडीत वाचकाने अंक उघडावा आणि पहिल्याच पानाला कोणी तावातावाने बोलू लागावे, हे काही बरे नव्हे. पण माझे भांडण फुलांविषयीचे आहे. आणि फुलांचा हिशेब दिवाळीत करायचा नाही, तर मग करायचा तरी केव्हा?

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मी दौंडला मावशीकडे होतो. काका रेल्वेत होते. त्यांच्या मागे मावशी दोन खोल्यांच्या घरात एकटी राहते. एकुलता एक मुलगा अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका लहानशा गावी नोकरीला आहे. दारात मोटारसायकल थांबली आणि एका पोराने भलामोठा पुष्पगुच्छ आणून मावशीच्या हातात दिला. चकचकीत पारदर्शक कागद, त्यावर सोनेरी फीत, आत लांब दांड्यांचे गुलाब, जरबेरा आणि एक छापील चिठ्ठी. मुलाने तिकडून, दहा-बारा हजार किलोमीटरांवरून, बोटाच्या टोकाने पाठविलेला!

मावशीचा चेहरा फुलला, हे मी नाकबूल करीत नाही. पण पुढच्या पाच मिनिटांत जे झाले तेही मी पाहिले. तिने गुलाब नाकाशी नेला आणि हळूच म्हणाली, "वास नाही रे ह्याला." मग देवासाठी दोन फुले काढू गेली, तर दांडीत तार. गुच्छाच्या बुडाशी हिरवी वीट होती, तिला बोट लावून विचारते, "हा साबण कसला?" शेवटी तिने मलाच विचारले, "अरे, हे ठेवू तरी कुठं?" देवाला चालेना, केसांत मावेना, तोरणात ओवता येईना. अखेर गुच्छ फ्रिजवर चढला. भाऊबीजेला माना टाकलेल्या त्या गुलाबांचे काय करावे हे तिला सुचेना. तुळशीच्या बुंध्याशी घालावेत तर अर्धा माल प्लॅस्टिकचा. पाठविलेले पोराने, म्हणून टाकवेना. शेवटी सकाळी घंटागाडी आली तेव्हा तो मीच नेऊन टाकला. मावशी त्या वेळी मुद्दाम स्वयंपाकघरात गेली.

मी भांडतो आहे ते ह्या प्रसंगावरून. मुलाच्या मायेवर माझा काडीचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो मायेच्या नावाखाली गळ्यात पडणाऱ्या मालावर.

आपली भाषाच पाहा. फूल म्हटले की मराठीत क्रियापदांचा पाऊस पडतो. आपण फुले खुडतो, वेचतो, ओवतो, गुंफतो, माळतो, वाहतो, उधळतो. ह्यातले प्रत्येक काम हाताचे आहे आणि माणसाने स्वतः करायचे आहे. फुले 'पाठवितो' असे आपल्या आज्या कधी म्हणाल्या नाहीत. आणि फुलाचे आयुष्य सरल्यावरही आपण त्याला उघडे पाडीत नाही. त्याला निर्माल्य म्हणतो, पायदळी येऊ देत नाही, झाडाच्या मुळाशी घालतो. कोमेजलेल्या फुलासाठी एवढा आदराचा शब्द आपल्यापाशी असताना, ज्याचे निर्माल्यच होऊ शकत नाही असली वस्तू आपण आईच्या घरी धाडतो आणि तिला ती कचऱ्यात टाकायला लावतो, ह्याला काय म्हणावे?

ही चाल आली कोठून, तेही सांगतो. १९१० साली अमेरिकेतल्या फूलविक्रेत्यांनी एक संघ काढला. एका गावच्या दुकानात पैसे भरायचे, तारेने निरोप जायचा आणि दुसऱ्या गावचा दुकानदार आपल्याकडची फुले पोहोचवायचा. कल्पना उत्तम होती, हे कबूल केले पाहिजे. फुले प्रवास करीत नसत, निरोप करी. म्हणजे मिळणारी फुले निदान त्या गावच्या दुकानातली असत. पुढे १९५४ साली ओहायोतल्याच एका कारखानदाराने ती हिरवी वीट काढली. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड ह्यांपासून बनविलेला तो फेस आहे. पाणी पितो, फुले खोचून धरतो आणि काम संपले की चुरा होऊन मातीत राहतो. कुजत मात्र नाही. आमच्या मावशीचा मुलगा ज्या राज्यात राहतो तेथला हा शोध असा फिरून त्याच्या आईच्या फ्रिजवर येऊन बसला! आपल्याकडची तार तर २०१३ च्या जुलैत बंद झाली. तिची जागा फोनच्या पडद्याने घेतली. पण मूळ कल्पनेतला शहाणपणा, म्हणजे निरोप दूरचा आणि फूल जवळचे, तेवढा आपण वाटेत सांडला.

कोणी म्हणेल, हा स्वदेशीचा सोवळेपणा आहे. मुळीच नाही. ज्या झेंडूवाचून आपला दसरा होत नाही तो मेक्सिकोचा. गुलछडीही तिकडचीच. शेवंतीचे माहेर चीन. परक्या फुलांना आपण घरात घेतले, इतके की आता त्यांना परके म्हणवत नाही. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या आरंभी, आपल्या दिवाळीच्याच सुमारास, लोक गेलेल्या आप्तांसाठी झेंडूच्या पाकळ्यांची वाट आखतात. त्या रंगावासाच्या खुणेने मृतांना घर सापडते, अशी त्यांची श्रद्धा आहे. फूल कोठून आले हा माझा प्रश्नच नाही. ते ज्याला दिले त्याच्या हातात आल्यावर त्याचे काय होते, एवढेच मी विचारतो.

आता जवळचे पाहू. पुणे-सोलापूर रस्त्याने यवतच्या अंगाला शेवंतीचे मळे दिसतात. शेवंती मोठी जाणती. दिवस लहान होऊ लागल्याचे तिला कळते आणि ती कळ्या धरते; म्हणून ती नेमकी सणांच्या तोंडावर येते. झेंडूचे गणित शेतकऱ्यालाच घालावे लागते. रोप लावल्यापासून फूल यायला दोनेक महिने, म्हणून दसऱ्याचा दिवस धरून मागे मोजीत लावणी करायची. मध्ये परतीचा पाऊस झोडपतो. त्यातून वाचलेले फूल रातोरात पुण्याला गुलटेकडीच्या बाजारात न्यायचे. तेथे सगळ्यांचाच माल एका दिवशी येतो, भाव कोसळतो आणि तोडणीची मजुरीही सुटत नाही. मग उरलेला झेंडू रस्त्याच्या कडेला ओतून रिकामी गाडी घरी न्यायची. शिरूर-दौंडच्या वाटेवर हे केशरी ढीग ज्याने पाहिले नाहीत असा माणूस विरळा. त्या ढिगांच्या शेजारून बिनवासाचा गुलाब बर्फासारख्या थंड गाडीत बसून आमच्या मावशीकडे येतो! आणि ढिगांच्या दुसऱ्या बाजूला दुकानांतून प्लॅस्टिकच्या झेंडूची तोरणे लटकतात. दर वर्षी धुऊन पुन्हा लावता येतात, म्हणून आपण ती कौतुकाने घेतो. देवालाही धुऊन पुन्हा लावता येणारी भक्ती चालते की काय, कोण जाणे.

ह्या मुलखाला आपल्या माणसाचीच नव्हे, परक्याचीही आठवण ठेवता येते. शिरूरला, म्हणजे जुन्या लोकांच्या घोडनदीला, इंग्रजांची छावणी होती. तेथला कर्नल वॉलेस १८०९ साली वारला. साता समुद्रांपलीकडून त्याच्या थडग्यावर कोण फूल वाहणार? पण १८८५ च्या पुणे गॅझेटियरात नोंद आहे की आसपासचे शेतकरी त्याला 'सत्पुरुष' म्हणत आणि सुगीत धान्याचा पहिला वाटा त्याच्यापुढे ठेवीत. कोणी पाठविले म्हणून नव्हे. ते तेथे होते, आणि जे शेतात होते तेच त्यांनी ठेवले. देण्याची ही रीत मला बाजारच्या गुच्छाहून मोठी वाटते.

मग परदेशातल्या मुलाने करावे काय? हातावर हात ठेवून बसावे? हा प्रश्न न्याय्य आहे आणि त्याला उत्तर न देता नुसती टवाळी करणे मला शोभणार नाही. उत्तर आपल्या घरीच आहे. त्याचे नाव फुलपुडी.

पुण्यातल्या वाड्यांत ज्यांचे बालपण गेले त्यांना ती सांगायला नको. पहाटे दाराच्या कडीला अडकविलेली, पानात बांधलेली, दोऱ्याने आवळलेली ती ओलसर पुडी. आत चार झेंडू, दोन शेवंतीची फुले, तगर, एखादी जास्वंद, दूर्वा, तुळस, सोमवारी बेल. महिन्याचे पैसे महिन्याला. तालुक्याच्या गावीही बाजारात देवळाजवळ बसणारी फूलवाली असतेच. विचारले तर ती घरपोच पुडी लावून देते. त्या दिवाळीनंतर मी हिशेब मांडला. गुच्छाला १२०० रुपये पडले होते. दौंडच्या फूलवालीने पुडीचे १५ रुपये सांगितले. म्हणजे त्याच पैशांत ८० दिवस फुले. मी मावसभावाला फोन केला आणि हे सगळे ऐकविले. तो आधी रागावला. "तुम्हांला तिथं बसून बोलायला काय जातंय?" म्हणाला. ते मला लागले, कारण खरे होते. पुण्याहून दौंड पाऊणशे किलोमीटर, गाड्यांना तोटा नाही, आणि त्या वर्षात मी मावशीकडे दोनदाच गेलो होतो. पण त्याने पैसे धाडले आणि पुडी सुरू झाली.

एका पुडीने यवतचा शेतकरी तरणार नाही, हे मला कळते. पण सणाच्या एका दिवसावर सारा डाव लावणाऱ्याला रोजचे थोडे गिऱ्हाईक मिळाले तर ते थोडे नव्हे. शिवाय पुडीचे खरे मोल मला फुलांत कळलेच नाही. ते ह्या आषाढात कळले.

फूलवाली सकाळी सहाच्या सुमारास येते. कडीला पुडी अडकवून "काकू, फुलं!" अशी हाक देते आणि पुढे जाते. एके दिवशी आली तर कडीला आदल्या दिवशीची पुडी तशीच. दुसरे कोणी असते तर शेजारी नवी अडकवून गेले असते. तिने दार वाजविले, शेजाऱ्यांना उठविले. "काकूंची कालची पुडी अजून हितंच हाय," एवढेच ती सांगत राहिली. मावशी आत तापाने फणफणून पडली होती. उठून पाणी घेण्याचे त्राण नव्हते. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेले. चार दिवसांनी ती घरी आली आणि पहिल्यांदा तिने विचारले ते पुडीचे पैसे चुकते झाले का म्हणून.

गुच्छ आणून देणारा तो मोटारसायकलवाला वाईट नव्हता. पण त्याला मावशीचे नाव चिठ्ठीवर वाचावे लागले होते, आणि तो पुन्हा त्या दारात येणार नव्हता.

तेव्हा ज्यांची आई, आत्या, मास्तर शिरूरला, दौंडला किंवा अशाच एखाद्या गावी एकटे असतील त्या सर्वांना माझे सांगणे आहे. ह्या दिवाळीत गुच्छ मागवू नका. गावातल्या कोणा ओळखीच्याला सांगून देवळाजवळच्या फूलवालीचा फोन घ्या, तिच्याशी स्वतः बोला, वर्षाची पुडी लावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, पानात किंवा कागदात बांध म्हणावे. आणि तिला एक जादा गोष्ट सांगून ठेवा: कालची पुडी कडीला दिसली, तर दार वाजव.

मीही आता महिन्यातून एका रविवारी दौंडला जातो. मावशी पुडी सोडते, मी दोरा गुंडाळून ठेवतो. तिकडे रात्र असते, मुलगा फोनवर येतो आणि विचारतो, "आज काय काय आलं?" मावशी एकेक फूल उचलून त्याला दाखविते.