फॉरमॅट मारायचा नाही

मंडळी, आज जरा चिडूनच लिहितोय.

गेल्या शनिवारी सकाळी नऊला कुपवाडहून मामाचा फोन. (शनिवारी सकाळी नऊला पुण्यातल्या आयटीवाल्याला फोन करणारा एक तर क्रेडिट कार्डवाला असतो, नाहीतर मामा.)

"आरं, तुझं ते लिनक्स मेलं बघ. पडदा काळाठिक्कर. कोपऱ्यात एक डॅश तेवढी लुकलुकतीया. माणूस बोलावलाय, तो म्हणतोय फॉरमॅट मारायला लागतंय. मारू दे का?"

"नाही!" मी एवढ्या जोरात ओरडलो की बायको चहाचा कप घेऊन तशीच बाहेर आली.

आता थोडं मागचं. मामाचं कुपवाड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. तीन लेथ, एक मिलिंग, एक रेडियल ड्रिल आणि प्लायवूडची एक केबिन. त्या केबिनीतल्या डेस्कटॉपवर गिऱ्हाइकांची ड्रॉइंग्ज, चलनं, बिलं आणि रिजेक्ट झालेल्या जॉबचे फोटो आहेत, नऊ वर्षांचे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. मशीन इतकं जुनं की विंडोज ११ त्याला दारात उभं करेना. २०२५ च्या दिवाळीत आईला भाऊबीजेला घेऊन गेलो होतो, तेव्हा ओवाळणी उरकल्यावर मीच बसून त्यावर लिनक्स टाकलं. वर बॅकअपची सोयसुद्धा करून दिली आणि "आता बघायचं काम नाही मामा" असं म्हणून पोळ्या हाणल्या. हे वाक्य लक्षात ठेवा.

तर आलेल्या माणसाने पडदा पाहिला, दोनदा बटण दाबून बंद-चालू केलं आणि निकाल दिला. ग्राफिक गेलंय किंवा ओएस करप्ट आहे. फॉरमॅट. पाचशे रुपये. डेटाची गॅरंटी नाही. एकूण वेळ चार मिनिटं.

त्याच्यावर चिडणं सोपं आहे. पण त्याच्या जागी उभं राहून बघा. फॉरमॅटचा दर ठरलेला असतो, वेळ ठरलेला असतो, निकाल ठरलेला असतो. पेन ड्राइव्ह घाला, नेक्स्ट नेक्स्ट दाबा, दुपारच्या जेवणाच्या आत दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जा. निदान करायला दोन तास लागले आणि शेवटी "एक फोल्डर उडवला" एवढंच सांगायचं असेल तर त्याचे पाचशे कोण देणार? मामासुद्धा देणार नाही, मी ओळखतो त्याला. शेजारच्या मिरजेत लोक पार कर्नाटकातून येऊन डॉक्टरला तपासणीची फी देतात, औषध नाही दिलं तरी देतात. कॉम्प्युटरच्या तपासणीला मात्र फी नाही. मग बिचारा सरळ विधीच उरकतो.

माझा राग दुसऱ्यावर आहे. आपल्यावर. म्हणजे तुम्ही आणि मी, जे सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो.

त्या माणसाला (चहा पाजून) थांबवलं आणि फोन वर्कशॉपमधल्या आयटीआय झालेल्या पोराकडे द्यायला लावला. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. त्याला म्हटलं, मशीन बंद कर, चालू कर आणि लोगो आला की एस्केप दाब. त्याने दाबलं. "दादा, लई वळी पळाल्या. एक लाल आली. फेल्ड टू स्टार्ट असं काय तर हाय."

फेल्ड टू स्टार्ट, पुढे डिस्प्ले मॅनेजर. बास! मी ऐकलं आणि माझ्या डोक्यात उत्तर तयार झालं. कर्नल अपडेट झालं असणार, ग्राफिक ड्रायव्हर त्याच्याशी जुळला नसणार. काळा पडदा म्हणजे ग्राफिक, हे आपल्या धंद्यातलं पाठांतर. मग पुढची वीस मिनिटं मी त्या पोराकडून ग्रबच्या मेनूत शिरून नोमोडसेट टाइप करून घेतलं, मग जुन्या कर्नलने बूट करून घेतलं, मग ते दोन्ही एकत्र. पडदा काळाच. मी घामाघूम, मामा मागून "मारू दे का मग?" आणि तो माणूस चहा संपवून घड्याळ बघतोय.

तेवढ्यात पोरगं म्हणालं, "दादा, मगाशी एस्केप दाबल्यावर लाल वळीच्या वर काय तर 'स्पेस' लिहून आलं हुतं. जागा संपलीया का आतली?"

नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस. त्याने वाचलं होतं. मी विचारलंच नव्हतं, कारण मला उत्तर माहीत होतं ना!

मग कंट्रोल-आल्ट-एफ३. पडदा जरी मेला तरी हा मागचा दरवाजा बहुतेक वेळा उघडा असतो, अक्षरांचा टर्मिनल मिळतो. लॉगिन केलं, डीएफ -एच मारलं (टाइप करताना अर्थातच इंग्रजीतून), आणि मूळ पार्टिशनपुढे आकडा आला शंभर टक्के. एकशेवीस जीबीची एसएसडी गच्च. डेस्कटॉप सुरू होताना त्याला चार-दोन बारीक फायली लिहाव्याच लागतात. लॉग लिहायचा, लॉगिनची ओळख लिहायची, तात्पुरती कुलपं घालायची. एक बाइटही जागा नाही म्हटल्यावर डिस्प्ले मॅनेजर उठतो, पडतो, सिस्टिमडी त्याला पुन्हा उभा करतो, तो पुन्हा पडतो, शेवटी सिस्टिमडी नाद सोडतो. आपल्याला दिसतो काळा पडदा. ग्राफिक कार्ड ठणठणीत, ओएस ठणठणीत. घर भरलं म्हणून दार उघडेना, एवढंच.

आणि घर कोणी भरलं? मी.

माझी बॅकअपची स्क्रिप्ट रोज दुपारी दीडला, जेवणाच्या सुट्टीत, सगळ्या डेटाची तारीखवार प्रत बाहेरच्या डिस्कवर टाकायची. एक प्रत साडेचार जीबीची. तीन आठवड्यांपूर्वी मामेबहिणीच्या लग्नाचं शूटिंग आणायला मामाने ती डिस्क उचलून नेली. (आणि जागा कमी पडली म्हणून तिच्यावरच्या जुन्या प्रती पुसल्या. हे मला नंतर कळलं, तेव्हा मी खुर्चीत बसलो.) डिस्क नाही, पण तिच्या नावाचा रिकामा फोल्डर जागेवरच होता. माझ्या शहाण्या स्क्रिप्टने डिस्क जोडलेली आहे का हे तपासलंच नाही. ती रोज इमानदारीत त्या फोल्डरात, म्हणजे मशीनच्याच पोटात, साडेचार जीबी कोंबत राहिली. ईएक्सटी४ फाइलसिस्टिम सहसा पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते, अशा अडचणीच्या वेळेला. माझी स्क्रिप्ट चालायचीही रूटच्याच नावाने. तिने ती राखीव जागापण खाल्ली.

म्हणजे हिशोब बघा. नऊ वर्षांचा डेटा फक्त त्या एका एसएसडीवर उरला होता, आणि पाचशे रुपये घेऊन ती पुसायला माणूस शेजारी बसला होता. मधे आडवी होती ती पडद्यावरची एक ओळ. ती ओळ दाखवायची की नाही, यावर आपल्या व्यवसायाचं मत असं, की दाखवू नये.

हो, हे मत आहे. ठरवून केलेलं. डेस्कटॉपसाठीच्या बहुतेक लोकप्रिय डिस्ट्रोंमध्ये ग्रबच्या सेटिंगमध्ये दोन शब्द असतात, क्वायट आणि स्प्लॅश. पहिला कर्नलला सांगतो गप्प बस, दुसरा सांगतो त्याजागी चित्र लाव. कारण काय, तर सामान्य माणूस अक्षरं बघून घाबरतो. विंडोजवाल्यांचंही तेच. २०१२ मध्ये विंडोज ८ ने निळ्या पडद्यावर रडका चेहरा आणला, २०२५ मध्ये तो चेहरा गेला आणि निळ्याचा काळा झाला. लिनक्सने २०२४ मध्ये कर्नल कोलमडल्यावर क्यूआर कोड दाखवायची सोय आणली, त्यात निदान खरा लॉग तरी भरलेला असतो. पण लॉगिनच्या आधी पडलेल्या मशीनचं काय? तिथे आपलं चित्र.

मी सांगलीतच शिकलो. पावसाळ्यात सांगलीकर आयर्विन पुलाची पातळी कशी बघतो ते ज्याने पाहिलंय त्याला हे "लोक घाबरतात" प्रकरण पटणार नाही. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. हे आकडे भाजीवाल्या मावशींनाही पाठ असतात. २०१९ च्या महापुरात लोक रात्रभर एकमेकांना पातळी विचारत होते, त्यावर ठरवत होते की फ्रीज माळ्यावर न्यायचा की सरळ घर सोडायचं. घाबरले का? घाबरलेच. पण कळलं म्हणून हलले. उद्या कोणी त्या मोजपट्टीवर गणपतीचं सुंदर चित्र लावलं आणि म्हणालं, नागरिकांचा अनुभव प्रसन्न राहावा म्हणून, तर त्याला पुलावरून खाली सोडतील. आपण हे रोज करतो आणि त्याला युजर एक्सपिरियन्स म्हणतो.

परवा ऑफिसात हे बोललो तर एक जण म्हणाला, अरे पण सामान्य माणसाला त्यातलं काय कळणार? सामान्य माणूस म्हणजे कोण रे? जो सातबाऱ्यावरचे फेरफार नंबर वाचतो आणि हिस्सा किती गुंठे बसतो ते तोंडी सांगतो, तो? की मामाच्या शॉपमधला टर्नर, जो मायक्रोमीटरवर शंभरावा भाग वाचतो आणि लेथचा आवाज ऐकून "बेअरिंग बोलतंय" म्हणतो? लेथ अडली म्हणून अख्खी लेथ भंगारात घाला, असं कुपवाडात कोणी सांगून तर बघावं. त्याच शॉपमध्ये, दहा फुटांवरच्या केबिनीत, कॉम्प्युटर अडला की फॉरमॅट. कारण लेथ बोलते ते ऐकायला त्यांना कोणी बंदी केली नाही. कॉम्प्युटरचं तोंड आपण बांधून पाठवलं.

आणि हे फक्त बूट स्क्रीनपुरतं नाही. "काहीतरी चुकलं. कृपया पुन्हा प्रयत्न करा." हे वाक्य तुमच्यापैकी कितीजणांनी कोडमध्ये लिहिलंय? मी लिहिलंय. कॅच ब्लॉकमध्ये खरा एरर हातात असतो, आपण तो गिळतो आणि युजरला हे गुळमुळीत वाक्य देतो. मग रात्री दोनला सर्व्हर पडतो तेव्हा आपण तरी काय करतो? पॉड रिस्टार्ट मार. उठला? झोप. मामाच्या त्या पाचशे रुपयेवाल्याचं आपल्यापेक्षा काय चुकलं? त्याच्याकडे पेन ड्राइव्ह आहे, आपल्याकडे कुबरनेटीस.

१९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातली विंडोज मशिन्स बसली. मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाने सुमारे ८५ लाख. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. आणि उपाय? मशीन सेफ मोडमध्ये चालू करून एक फाइल डिलीट करायची. एक फाइल. ८५ लाख मशिन्सना कोणी फॉरमॅट मारत बसलं असतं तर? तिथे निदान करणारे लोक होते आणि त्यांच्या पगाराची सोय होती, म्हणून ती फाइल सापडली. कुपवाडच्या केबिनीत तसलं कोणी नसतं. म्हणून तर तिथे ती ओळ जास्त हवी.

असो. गोष्ट पुरी करतो. पोराकडून आधी त्या फोल्डरातली यादी वाचून घेतली, प्रत्येक तारीख मोठ्याने. मग मूळ डेटा जागेवर आहे ना ते दोनदा बघून घेतलं. मगच सगळ्यात जुनी प्रत उडवायची कमांड एकेक अक्षर सांगितली, आणि एंटर दाबायच्या आधी परत उलटी वाचून घेतली. फोनवरून डिलीटची कमांड सांगणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. त्याने एंटर दाबलं, मग रीबूट. मामाचा "आलं आलं!" असा आवाज मला थेट नाही, केबिनीच्या प्लायवूडमधून घुमून ऐकू आला. त्या माणसाला मामाने शंभर रुपये दिले, येण्याचे. तो जाताना पोराला विचारून गेला म्हणे, एस्केप नक्की कधी दाबायचं.

दुपारी बसून दोन कामं केली. स्क्रिप्टला आधी डिस्क जोडलेली आहे का ते बघायला शिकवलं, आणि सिस्टिमला सांगितलं की बूट होताना डिस्कची थोडी वाट बघ, नाही मिळाली तर अडून बसू नकोस, पण तसं पडद्यावर लिही. मग ग्रबमधले ते दोन शब्द काढून टाकले. आता मशीन चालू झालं की पडद्यावर हिरव्या ओके-ओकेची रांग धावते. मामाला पहिल्या दिवशी ते आवडलं नाही. "बँकेतल्यासारखं दिसतंया," म्हणाला.

काल सकाळी पोराचा मेसेज आला. "दादा आज एक पिवळी आली. डिपेंडन्सी फेल्ड, पुढं बॅकअप लिहिलंय. मालकांनी डिस्क परत घरी नेलीया, पाहुण्यांना लग्न दाखवायला. संध्याकाळी आणायला सांगितलंय."