विद्यापीठाची दारे बंद होतात तेव्हा

विद्यापीठ बंद ठेवण्याचा आदेश चार ओळींचा असतो. त्याचे परिणाम मात्र काही विद्यार्थ्यांना आयुष्यभर पुरतात. मार्च २०२० च्या मध्यास महाराष्ट्रातील महाविद्यालये महिनाअखेरपर्यंत म्हणून बंद झाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या वसतिगृहांतील अनेकांनी दोन जोडी कपडे घेऊन गावाकडची एस.टी. धरली. पुस्तके, वह्या, प्रमाणपत्रे खोलीतच राहिली. २४ मार्चला रात्री आठ वाजता देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांत ती अमलातही आली. महाविद्यालये उघडली ती फेब्रुवारी २०२१ मध्ये, तीही निम्म्या उपस्थितीने. काही आठवड्यांतच ती पुन्हा बंद झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये ती पुन्हा सुरू झाली खरी, परंतु जानेवारी २०२२ मध्ये बंदीचा आदेश आणखी एकदा निघाला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत युक्रेनमधील युद्धामुळे तेथे वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या हजारो भारतीय विद्यार्थ्यांना हाती लागेल ते सामान घेऊन परतावे लागले. कारण साथीचे असो, पुराचे असो, दंगलीचे असो वा युद्धाचे. अकस्मात बंदी ही आता निव्वळ अपवादात्मक घटना मानता येणार नाही.

या प्रश्नाची आर्थिक बाजू सहसा दुर्लक्षिली जाते. विद्यापीठ म्हणजे केवळ व्याख्यानांची जागा नव्हे. ग्रंथालय, प्रयोगशाळा, निवास, खानावळ, वीज आणि अभ्यासाला लागणारी शांतता या साऱ्या गोष्टी तेथे सामुदायिक खर्चाने उपलब्ध असतात. दारे बंद झाली की हा खर्च नाहीसा होत नाही. तो संस्थेकडून कुटुंबाकडे सरकतो. आणि कुटुंबे सारखी नसतात. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीनुसार इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे शहरी भागात सुमारे ४२ टक्के होती, तर ग्रामीण भागात सुमारे १५ टक्के. संगणक तर ग्रामीण भागात शंभरातील चार-पाच घरांतच होता. 'घरी बसून अभ्यास करा' हा उपदेश एकच असला, तरी त्याची किंमत प्रत्येक घरात वेगळी होती, ती अशी.

मग विद्यार्थ्याने करावे काय? पहिली गोष्ट म्हणजे नेमके काय बंद झाले आहे, याची लेखी खातरजमा. वर्ग बंद होणे, परीक्षा पुढे जाणे आणि वसतिगृह रिकामे करावे लागणे या तीन भिन्न गोष्टी आहेत. ज्याचे घर दूर आहे, किंवा ज्याच्या घरी अभ्यासास जागाच नाही, त्याने वसतिगृहात राहू देण्याची विनंती लेखी करावी आणि तिची पोच घ्यावी. गर्दीबरोबर स्थानकाकडे धाव घेणे हा एकमेव मार्ग नसतो.

दुसरी गोष्ट, जायचेच ठरले तर ते परतण्याची तारीख ठाऊक नाही असे समजून जावे. गुणपत्रिका, जातीचा दाखला, शुल्काच्या पावत्या, बँकेचे पासबुक आणि चालू सत्राची पुस्तके बरोबर असावीत. एका परतीच्या प्रवासाइतकी रक्कम नेहमी बाजूला ठेवणे ही गरीब विद्यार्थ्यालाही परवडणारी, किंबहुना त्यालाच सर्वाधिक आवश्यक असलेली, विम्याची तरतूद होय. खानावळीची आगाऊ रक्कम आणि अनामत यांचा हिशेब निघण्यापूर्वी लिहून घ्यावा. सहा महिन्यांनी तो कोणालाच आठवत नाही.

तिसरी गोष्ट कर्जाची. शैक्षणिक कर्जाचे हप्ते अभ्यासक्रमानंतर सुरू होतात. व्याज मात्र महाविद्यालय बंद असले तरी चढतच असते. अभ्यासक्रम लांबला तर मुदतवाढ मागता येते, पण ती आपोआप मिळत नाही. बँकेस तसे कळवून अर्ज करावा लागतो. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते ऑगस्टअखेरपर्यंत लांबविण्यास परवानगी दिली, तेव्हाही हप्ता थांबला म्हणजे व्याज थांबले, असा अनेकांचा गैरसमज झाला होता.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. संस्थेशी असलेला धागा तुटू देऊ नये. अंतिम वर्षाच्या परीक्षांचा वाद येथे उद्बोधक आहे. महाराष्ट्र शासनाने जून २०२० मध्ये त्या न घेण्याचे ठरविले. जुलैमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबरअखेर त्या घेणे बंधनकारक केले. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, राज्यांना परीक्षा पुढे ढकलण्याची मुभा मागता येईल, मात्र परीक्षेविना पदवी देता येणार नाही. या अडीच महिन्यांत 'परीक्षा होणारच नाही' असे गृहीत धरून ज्यांनी पुस्तके मिटली, त्यांची ऑक्टोबरमध्ये ओढाताण झाली. एकाच तालुक्यातील चार-सहा विद्यार्थ्यांनी गट करून एका भ्रमणध्वनीवर, एका पुस्तकावर अभ्यास चालू ठेवणे हे अशा काळात श्रेयस्कर असते. त्यातून अभ्यास होतो आणि मागण्या मांडण्याचे बळही येते.

अर्थात, ही सारी दक्षता विद्यार्थ्याने घेतली म्हणून संस्थांची जबाबदारी संपत नाही. दारे बंद करण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे, त्यांनी वसतिगृह, शुल्क, ग्रंथालय आणि परीक्षा यांसंबंधीचे नियम संकट येण्यापूर्वीच जाहीर केले पाहिजेत. गावाकडे गेलेला मुलगा शेतीच्या वा मजुरीच्या कामास जुंपला गेला, मुलीचे लग्न ठरले, की महाविद्यालय उघडल्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचूनही उपयोग नसतो. विद्यापीठे पुन्हा उघडली, याचे समाधान मानण्यापूर्वी हजेरीपटावरील किती नावे परतली नाहीत, हे प्रत्येक महाविद्यालयाने मोजावयास हवे. बंदीची खरी किंमत त्या रिकाम्या रकान्यांत नोंदलेली असते.