‘खरा’ कॅमेरा आणि बाकी सगळे

मंडळी, आज थोडं भांडायचा मूड आहे. ज्यांना शांत, निसर्गरम्य वगैरे वाचायचं असेल त्यांनी मागची पावसाळ्यावरची पोस्ट पुन्हा वाचावी. :)

विषय तसा साधा आहे. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांमध्ये एक वर्णव्यवस्था आहे. सगळ्यात वर ६०० मिमी एफ/४ ची पांढरी किंवा काळी तोफ बाळगणारे. ही एकटी लेन्स जवळजवळ चार किलोची आणि किंमत कित्येक लाखांत. त्यांच्याखाली १५०-६०० किंवा २००-५०० वाले, म्हणजे माझ्यासारखे. त्यांच्याखाली किट लेन्सवाले, ‘शिकतायत अजून’. आणि पार गावकुसाबाहेर कोण, तर ब्रिज कॅमेरेवाले. लेन्स बदलता येत नाही, सेन्सर नखाएवढा आणि झूम मात्र ८३ पट. त्यांच्याकडे बघून लोक जे गालातल्या गालात हसतात ना, त्या हसण्याशी माझं भांडण आहे.

माझ्याकडे दोन्ही आहेत. डीएसएलआर आणि २००-५०० ची लेन्स आहे, आणि निकॉनचा पी९०० हा ब्रिज कॅमेराही आहे. मी दोन्ही एकाच वेळी वापरते, एक खांद्याला आणि एक गळ्यात. ट्रिपला गेलं की कोणीतरी विचारतंच, ‘‘ताई, मोठा कॅमेरा असताना हे खेळणं कशाला?’’ किंवा जास्त प्रेमळ असेल तर, ‘‘हां, तुम्हाला हा हलका बरा पडत असेल.’’ म्हणजे बाईमाणूस, वय झालेलं, पाठ दुखते, म्हणून हा लहान कॅमेरा. एका फेरीत तर म्होरक्याने सरळ फर्मावलं होतं, ‘‘खरे कॅमेरेवाले पुढे या, बाकीचे मागे थांबा.’’ मी दोन्ही कॅमेरे उंच धरून विचारलं, ‘‘मी नक्की कुठे उभी राहू?’’

असो. आधी तांत्रिक आक्षेप घेऊ, कारण ‘ताई, तुम्हाला त्यातलं कळत नाही’ हे पुढचं वाक्य असतं.

पहिला आक्षेप: ‘२००० मिमी हा आकडा खोटा आहे.’ बरोबर. पी९०० च्या लेन्सची खरी फोकल लेंग्थ ४.३ ते ३५७ मिमी आहे. सेन्सर अगदी छोटा (साधारण ६.२ बाय ४.६ मिमी) असल्यामुळे चौकटीत दिसतं ते ३५ मिमी फिल्मच्या भाषेत २४ ते २००० मिमी एवढं. पण म्हणून तो आकडा फसवा होत नाही, त्याचा अर्थ फक्त समजून घ्यावा लागतो. हिशेबच करू. २० सेंटीमीटरचा पक्षी ३० मीटरवर बसला आहे. माझ्या ५०० मिमी लेन्समधून त्याची प्रतिमा सेन्सरवर साधारण ३.३ मिमी पडते, आणि डीएसएलआरच्या सेन्सरची रुंदी २३.५ मिमी. म्हणजे पक्ष्याने चौकटीचा सातवा हिस्सा व्यापला. पी९०० मध्ये तीच प्रतिमा २.४ मिमीची, पण सेन्सर ६.२ चा. म्हणजे चौकटीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग पक्ष्याने भरला.

‘मग डीएसएलआरचा फोटो क्रॉप करा की!’ करते ना. २४ मेगापिक्सेलच्या बॉडीवर त्या पक्ष्याच्या वाट्याला लांबीत साधारण ८५० पिक्सेल येतात, पी९०० मध्ये साधारण पावणेदोन हजार. आता लगेच ‘बघा, दुप्पट!’ असं मी म्हणणार नाही, कारण त्या पिक्सेलांत तेवढा तपशील नसतो. तपशिलाची मर्यादा शेवटी काचेचं तोंड केवढं आहे यावर ठरते. ३५७ ला ६.५ ने भागा, ५५ मिमी. ५०० ला ५.६ ने भागा, ८९ मिमी. क्षेत्रफळात हा फरक अडीच पटींहून थोडा जास्त. सेन्सरच्या क्षेत्रफळातला फरक मात्र तेरा पटींचा आहे, आणि हिणवणारे लोक नेहमी हाच आकडा तोंडावर फेकतात. दूरच्या, लहान पक्ष्याच्या बाबतीत खरी दरी अडीच-पावणेतीन पटींची आहे, तेरा पटींची नाही. पक्षी लांब बसला असेल आणि चांगलं ऊन असेल तर कोणता पक्षी आहे हे ठरवायला ती दरी आड येत नाही. मुद्दा एवढाच आहे.

दुसरा आक्षेप: ‘उडता पक्षी टिपून दाखवा.’ नाही टिपता येत. म्हणजे घार, बगळा येतो कसाबसा, पण पाकोळी किंवा वेडा राघू विसरा. फोकस मंद आहे, सात फोटो धडाधड काढले की कॅमेरा कार्डावर लिहीत विचारात पडतो, तोवर पक्षी पुढच्या गावाला. पहाटेच्या अंधुक उजेडात, ताम्हिणीच्या दाट झाडीत, पावसाळी ढगांत आयएसओ वाढवला की पिसांचा लगदा होतो. मागचं दृश्य लोण्यासारखं धूसर होत नाही. कबूल, सगळं कबूल! म्हणूनच तर डीएसएलआर खांद्याला आहे. मी ‘ऐवजी’ म्हणतच नाहीये, ‘जोडीने’ म्हणतेय. किसणी असली म्हणून विळी कोणी भंगारात देत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात आवडतो: ‘त्या टीव्हीत बघून कसले फोटो काढता?’ ब्रिज कॅमेऱ्यात आरसा नसतो, डोळ्याला लावायचा तो छोटा इलेक्ट्रॉनिक पडदा. वर्षानुवर्षं त्याची टिंगल झाली. आणि आता? निकॉनचा शेवटचा अव्वल डीएसएलआर डी६ आला २०२० मध्ये, आणि २०२१ मध्ये आला झेड९, बिनआरशाचा. मग हेच सगळे महारथी रांगेने मिररलेसकडे वळले. आता तेही टीव्हीतच बघतात. त्यांना कोणी हसत नाही. पडदा जास्त चांगला आहे हे खरं, पण खटकत होता तो पडदा नव्हताच, खटकत होती ती किंमत. स्वस्त वस्तूतला गुण तो दोष, आणि महाग वस्तूतला तोच दोष तो ‘फीचर’!

हे झालं यंत्रपुराण. आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

पक्ष्याचा फोटो कशासाठी काढायचा? भिंतीवर लावायला, लोकांची वाहवा घ्यायला, स्पर्धेला पाठवायला. यात काही वाईट नाही, माझ्याही भिंतीवर तिबोटी खंड्या आहे. पण आणखी एक कारण आहे, आणि ते जुनं आहे. पुरावा. एके काळी पक्षी पाहिला म्हणजे पाडला, असाच नियम होता. मेलेला पक्षी हातात असल्याशिवाय नोंद मानली जात नसे. सलीम अलींचं सगळं आयुष्य ज्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून सुरू झालं, तीसुद्धा त्यांनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली होती. आणि हातातला पक्षीसुद्धा खोटा असू शकतो! आपल्या रानपिंगळ्याची गोष्ट आठवा. १८८४ नंतर तो कोणाला दिसला नव्हता. मधे १९१४ ची एक नोंद होती, गुजरातेतली, माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश साहेबाची. पुढे सिद्ध झालं की त्याने संग्रहालयातला जुना नमुना चोरून, नव्याने भुसा भरून स्वतःच्या नावावर खपवला होता. ही लबाडी उघड झाली, ती नोंद बाद झाली, आणि मग जुन्या, खऱ्या नोंदींच्या जागा धरून शोध झाला. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना रानपिंगळा सापडला. तब्बल ११३ वर्षांनी! त्यांनी त्याला पाडला नाही, तिथल्या तिथे त्याचं चित्रीकरण केलं.

त्या चित्रीकरणाला कोणी ‘बोके नाही आला’ म्हटलं असतं का हो?

आज ई-बर्डवर दुर्मीळ पक्ष्याची नोंद टाकली की तपासणारे फोटो मागतात. त्यांना मागची धूसरता नको असते. त्यांना चोच, भुवई, पंखावरची पट्टी, पायाचा रंग हवा असतो. माळावर लांबच्या दगडावर बसलेली भोवत्याची मादी पांढुरक्या भोवत्याची की माँटेग्यूच्या, हे मान आणि चेहऱ्यावरच्या खुणा दिसल्या तरच कळतं. चिखलात पार पलीकडे चरणाऱ्या दहा सारख्या दिसणाऱ्या तुतवारांत अकरावा वेगळा आहे, हे कळायला लांब पोचावं लागतं. तिथे मी गळ्यातलं ‘खेळणं’ उचलते. बाजूच्या बटणाने क्षणभर झूम मागे घेते, पक्षी शोधते, बटण सोडते, पुन्हा जवळ. दोन-तीन फोटो, नोंद पक्की. मग लगेच २४ मिमीवर तो माळ, ते बाभळीचं झाड, ते डबकं. पक्षी कुठे राहतो हेही टिपून ठेवलं. २००-५०० लावलेल्या डीएसएलआरमधून हे दुसरं होत नाही. आणि पक्षी आपणहून जवळ आला, उजेड मऊ असला, की खांद्यावरचा मोठा कॅमेरा आहेच.

आणि आता सगळ्यात कडू गोळी. ‘आपणहून जवळ आला’ असं मी मुद्दाम लिहिलं.

५०० मिमीने चौकट भरायची तर जवळ जावं लागतं. जवळ म्हणजे किती? वरच्याच हिशेबाने, ब्रिज कॅमेरा ३० मीटरवरून जेवढी चौकट भरतो तेवढी भरायला मला माझी मोठी लेन्स घेऊन साधारण ११ मीटरवर यावं लागेल. ११ मीटरवर माणूस आला की कोणता पक्षी बसून राहतो? तो उडतो. किंवा घरट्यावर असेल तर उडू शकत नाही, नुसता घाबरून बसतो, आणि आपण त्याला ‘छान पोझ दिली’ म्हणतो.

भिगवणला हिवाळ्यात कधी होडीतून गेला असाल तर आठवा. रोहित पक्ष्यांचा थवा शांतपणे चरतोय. कोणीतरी नावाड्याला म्हणतं, ‘‘दादा, अजून थोडं पुढे.’’ मग अजून थोडं. मग थवा उठतो, लाल-काळे पंख उघडतात, शटरचा कडकडाट होतो आणि सगळे खूश. नावाड्याला शंभर रुपये जास्त. दिवसभरात अशा किती होड्या? हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब इथे विश्रांतीला येतात, आणि आम्ही त्यांना कवायत करायला लावतो.

तिबोटी खंड्याचं तर बोलायलाच नको. जून ते सप्टेंबर हा त्याचा विणीचा काळ. ओढ्याकाठच्या, रस्त्याकडेच्या मातीच्या दरडीत बोगदा खणून घरटं करतो. आणि त्या बोगद्यासमोर तंबू टाकून, तिपाया मांडून रांगा! पिल्लांसाठी सरडा घेऊन आलेला पक्षी समोरच्या फांदीवर बसतो, आणि आत जायचं धाडस होत नाही म्हणून बसूनच राहतो. तोच ‘परफेक्ट शॉट’. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ एकदा उघडून बघा. ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच रानपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना व्यत्यय आणणं हेही आलं आहे. बंदूक हातात नाही म्हणून आपण शिकारी नाही, असं कायदासुद्धा म्हणत नाही.

आता कोणी म्हणेल, लांबचा झूम हातात आला म्हणून माणूस सज्जन होतो का? नाही होत. ३००० मिमीचा पी१००० घेऊनही घरट्यात नाक खुपसणारे असतात. यंत्र संस्कार देत नाही. पण यंत्र सबब काढून घेतं. ‘जवळ गेल्याशिवाय काही मिळतच नाही’ ही आपली सगळ्यांची लाडकी सबब, ती या ९०० ग्रॅमच्या कॅमेऱ्याने संपवली. आता जवळ जायचं ते फक्त आपल्या हौसेसाठी, हे तरी मान्य करावं लागतं.

म्हणून माझं म्हणणं असं. ज्यांच्याकडे डीएसएलआर आहे त्यांनी जमलं तर जोडीला एक ब्रिज कॅमेरा ठेवावा, जुना वापरलेला चालेल. ज्यांच्याकडे फक्त ब्रिज आहे त्यांनी ‘अजून मोठा घेतला नाही’ अशी माफी मागणं आजपासून बंद करावं. आणि फेऱ्या नेणाऱ्या मंडळींनी ‘खरे कॅमेरेवाले पुढे’ म्हणण्याऐवजी सगळ्यांनाच दहा पावलं मागे उभं करावं. मागे उभं राहून ज्याला पक्षी ओळखता येईल, तो खरा.

ता.क. आमच्या भाचेबुवांनी बारावीनंतर ‘पक्ष्यांसाठी कोणता कॅमेरा घेऊ, मावशी?’ असं विचारलंय, आणि ताई-भावजींनी किमती ऐकून फोन खाली ठेवलाय. तर बाळा, आधी चांगली दुर्बीण घे. मग ब्रिज घे. दोन वर्षं पाषाणच्या तळ्यावर रोज सकाळी जा, यादी कर, नोंदी टाक. त्यानंतरही मोठ्या लेन्सची ओढ राहिली तर माझी २००-५०० घेऊन जा, सव्वादोन किलोची आहे, तुझे खांदे तरुण आहेत. गळ्यातला मात्र मी देणार नाही. :)