बडोद्यात गुजराती नाही तर काय?



पुण्याहून बदलीवर बडोद्याला आलेल्या वाचकाचं पत्र गेल्या अंकात वाचलं. गायकवाडांचं शहर म्हणून आलो आणि विजेच्या बिलापासून सोसायटीच्या नोटिशीपर्यंत सगळं गुजरातीत, ही त्यांची तक्रार. अहो, मग कशात असणार? राजा मराठी असला तरी रयत बहुतांशी गुजराती होती. 1875 मध्ये कवळाण्याहून दत्तक आलेल्या सयाजीरावांनाही ती भाषा शिकावी लागली!

दांडिया बाजारात मराठीवर निभावतं, हे खरं. 2018 चं साहित्य संमेलनही इथंच झालं. पण त्या भरवशावर गोत्रीत भाजी घ्यायला गेलात, तर बेन हिंदीत भाव सांगणार आणि तुम्ही कायमचे पाहुणे राहणार. त्यापेक्षा बसच्या पाट्या वाचायला लागा. शिरोरेषा नाही एवढ्यानं बिचकू नका; ग, म, न, र ओळखीचेच. अ, इ, क, ख, च, ज, झ, फ, ब यांची वळणं तेवढी घोकावी लागतात. बोलताना चुका होतील, लोक हसतील, पण वाक्य पुरं करून देतील. उत्तरायणला 14 आणि 15 जानेवारीला शेजाऱ्यांच्या गच्चीवर जा. फिरकी हातात दिल्यावर व्याकरण कुणी तपासत नाही.

डाळीतल्या गोडव्याबद्दल मात्र पत्रलेखकाशी पूर्ण सहमत. आमच्याकडे तिसरी पिढी इथं वाढते आहे, तरी आमटीत गूळ किती यावर रोज वाजतं.

– एक वाचक, रावपुरा, बडोदे