तळे कोणाचे?

नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या पायथ्याशी फुटाळा तलाव आहे. सेंट चार्ल्स सेमिनरीवरून टेकडीला नाव पडले. तलाव मात्र त्याहूनही जुना, भोसल्यांच्या राजवटीत शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला. सायंकाळी तेथे वारा खावयास जाण्याकरिता कोणाला तिकीट काढावे लागत नसे. पुढे पर्यटनाच्या नावाने या पाण्यात संगीत कारंजे आले, काठावर प्रेक्षागृह उभे राहिले, तरंगत्या उपाहारगृहाची योजना निघाली आणि वाद न्यायालयात गेला.

७ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला : फुटाळा मानवनिर्मित जलाशय आहे, म्हणून २०१७च्या पाणथळ जागांविषयीच्या नियमांनुसार तो ‘पाणथळ जागा’ ठरत नाही. निर्णयाचा आम्ही आदर करतो. न्यायालयाने नियमाचा अर्थ सांगितला. आमची तक्रार नियमाविषयी आहे. पिण्याचे पाणी, सिंचन, मत्स्यशेती, मनोरंजन यांसाठी माणसाने बांधलेले जलाशय या नियमांनी व्याख्येतूनच वगळले आहेत. आता नागपूरकडे पाहा. अंबाझरी, गोरेवाडा, गांधीसागर : येथील कोणते मोठे तळे निसर्गाने आयते दिले आहे? भंडारा-गोंदियाकडे कोहळी समाजाने खपून उभारलेले मालगुजारी तलावही सिंचनाचेच. म्हणजे पूर्वजांनी घाम गाळून पाणी अडविले, हाच त्या पाण्याचा अपराध ठरला! पाण्यावर उतरणारा पक्षी बांध कोणी घातला याची चौकशी करीत नाही. तळ्यात जाळे टाकणारा ढिवरही करीत नाही.

आणि पाणी तर मुळीच करीत नाही. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी ओसंडून वाहू लागला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत घराघरांतून पाणी शिरले. माणसे दगावली. सांडव्याजवळच्या बांधकामाने पाण्याची वाट अडली काय, हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्यांच्या घरातील धान्य, मुलांची पुस्तके, आजारी माणसाचे अंथरूण त्या रात्री भिजले, त्यांना काठावरील मोकळ्या जागेचे मोल आम्ही समजावून सांगण्याची गरज नाही.

नियम सैल होण्याची ही रीत नागपूरपुरती नाही. १९ फेब्रुवारी १९९१च्या किनारा अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर पट्टा बांधकामाविना राखला होता. १८ जानेवारी २०१९च्या अधिसूचनेने, जेथे दर चौरस किलोमीटरला २१६१हून अधिक लोक राहतात, तेथे तो ५० मीटरवर आणला. जेथे माणसे अधिक, तेथेच समुद्र आणि घर यांतील अंतर कमी! वसईच्या आमच्या बांधवांना हे नवे नाही. हिरवी वसई वाचविण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासोबत ते रस्त्यावर उतरले, तेव्हा ‘विकासाचे शत्रू’ ही पदवी त्यांनाही मिळाली होती.

पर्यटनाने रोजगार मिळतो, असे सांगतात. हे आम्ही नाकारीत नाही. फुटाळ्याच्या काठी कणीस भाजणारी बाई, चहाची टपरी लावणारा तरुण यांची चूल तेथे येणाऱ्या माणसांवरच पेटते. परंतु काठाला कुंपण आणि दाराशी तिकीटखिडकी आली, म्हणजे प्रथम उठविले जाते ते याच दोघांना. ज्यांच्या नावाने योजना मांडली, त्यांनाच योजनेत जागा नसावी, याला रोजगार म्हणावयाचे काय?

अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा का हवा होता? तो राजवाड्याशेजारी होता आणि तेथे भाजीचा मळा करावयाचा होता. राजाने मोबदलाही देऊ केला होता. नाबोथाने नकार दिला, कारण वाडवडिलांचे वतन विकावयाची वस्तू नव्हे. तळे तर एका नाबोथाचेही नाही. ते साऱ्या गावाचे वतन आहे. मानवनिर्मित जलाशयांनाही सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने त्याच निर्णयात मान्य केले आहे. शासन विश्वस्त आहे, मालक नव्हे. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रातून साऱ्या जगाला पृथ्वी हे आपले सामाईक घर असल्याची आठवण दिली, तीही याच अर्थाची.

म्हणून आमचे मागणे मोजके आहे. प्रत्येक तलावाची पूररेषा आणि त्याला पाणी आणणारे ओहोळ विकास आराखड्यावर आधी आखले जावेत. पर्यटनाचा विचार नंतर. काठावर पायवाट, सावली, बाक, स्वच्छतागृह अवश्य असावे, पण पाण्यात काँक्रीट नको आणि काठावर तिकीट नको. मानवनिर्मित तलावांनाही संरक्षण देणारा नियम राज्याने करावा.

केवळ मागून भागणार नाही. १९६६च्या नगररचना कायद्यानुसार आराखड्यात फेरबदल सुचविला की हरकतींसाठी महिन्याभराची मुदत असते. ती सूचना वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्यात छापून येते आणि आपण पान उलटतो. यापुढे प्रत्येक धर्मग्रामात दोन-चार जाणत्यांनी त्या कोपऱ्यावर नजर ठेवावी, सूचना मिस्सेनंतर सर्वांना समजावून सांगावी आणि सह्यांची हरकत मुदतीत पोचती करावी. नाबोथाच्या नगरातील वडीलधारे राणीचे पत्र वाचूनही गप्प राहिले होते. त्यांच्या पंक्तीत आपण बसू नये.