शब्दविचार : ‘अ‍ॅम्बिशस’

विवाहासाठी तयार केलेल्या परिचयपत्रकांत मुलामुलींच्या गुणवर्णनात अलीकडे एक इंग्रजी विशेषण हमखास आढळते, ते म्हणजे ‘अ‍ॅम्बिशस’. मराठीत त्याला ‘महत्त्वाकांक्षी’ म्हणतात. लिहिणाऱ्याच्या मनात स्तुती असते. वाचणाऱ्याच्या मनात मात्र कधी कौतुक उमटते, तर कधी शंका. एकाच शब्दाने हे दोन्ही का घडावे, याचे उत्तर त्याच्या इतिहासात आहे.

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील ‘भोवती फिरणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. प्राचीन रोममध्ये पदासाठी उभे राहणारे उमेदवार शुभ्र वस्त्रे परिधान करून नागरिकांमध्ये फिरत आणि मते मागत. त्या फिरण्यावरून हा शब्द आला. मतांसाठी लाच देण्याच्या गुन्ह्याचे नावही त्याच मुळापासून बनले, इ. स. पूर्व ६३ मध्ये सिसेरो कॉन्सल असताना त्या गुन्ह्यासाठी दहा वर्षांच्या हद्दपारीची तरतूद झाली. इंग्रजीतही हा शब्द दीर्घकाळ प्रामुख्याने दोषवाचक होता. शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’ नाटकात ब्रूटस सीझरच्या हत्येचे समर्थन याच आरोपाच्या आधारे करतो. पुढे उद्योगाच्या युगात त्याला स्तुतीचा अर्थ लाभला. परंतु जुनी छटा पुसली गेली नाही.

आजच्या वापरात हे विशेषण कोणत्या नामाला लागते, ते पाहावे लागते. तरुणाला लावले तर त्यातून उमेद व्यक्त होते. योजनेला लावले तर अर्थ पालटतो. व्यवसायविस्तारासाठी सादर केलेल्या प्रकल्प अहवालातील विक्रीच्या अंदाजांना बँकेच्या अधिकाऱ्याने ‘अ‍ॅम्बिशस’ म्हटले, तर ती शाबासकी नव्हे; हे आकडे गाठणे कठीण दिसते, असे त्याने सौम्य शब्दांत सुचविलेले असते. अशा वेळी उधारीची वसुली, मालाचा साठा आणि खेळते भांडवल यांचा हिशेब पुन्हा तपासणे शहाणपणाचे.

‘अ‍ॅस्पायरिंग’ हे जवळचे विशेषण; त्याचा अर्थ ‘होऊ इच्छिणारा’. पाच वर्षे पेढी सांभाळणाऱ्या मुलाच्या परिचयात ‘अ‍ॅस्पायरिंग बिझनेसमन’ लिहिले, तर त्याने अद्याप व्यवसायात पाऊलच टाकलेले नाही, असा अर्थ होतो. आईवडील मुलांसाठी ‘अ‍ॅम्बिशस’ आहेत, असाही प्रयोग इंग्रजीत रूढ आहे. तेथे आकांक्षा एका पिढीची असते आणि धावावे दुसरीला लागते. अनेक घरांतील अबोल्याचे कारण या एका प्रयोगात सापडेल.

या शब्दात वेग आहे, पण सीमा नाही. ती सीमा श्रावकधर्माने फार पूर्वी सांगितली आहे. उपासकदशांग सूत्रातील वाणिज्यग्रामचा आनंद हा गृहस्थ दरिद्री नव्हता. चार कोटी सुवर्णमुद्रा ठेवीत, चार कोटी व्यवहारात, चार कोटी घरसंसारात आणि प्रत्येकी दहा हजार गाईंचे चार कळप, असे त्याचे वैभव होते. भगवान महावीरांकडे श्रावकव्रते स्वीकारताना त्याने हे वैभव टाकून दिले नाही. याहून अधिकाचा मात्र त्याग केला. पाचव्या अणुव्रताचे तेथील नाव ‘इच्छापरिमाण’ असे आहे. मोजायची ती केवळ संपत्ती नव्हे, तर इच्छा. आनंदाने व्यापार सोडला नाही आणि आपली मर्यादा बाजाराला किंवा शेजाऱ्याच्या दुकानाला ठरवू दिली नाही. ती त्याने स्वतः, जाणीवपूर्वक आणि आकड्यांत ठरविली.

म्हणून परिचयपत्रकात ‘अ‍ॅम्बिशस’ लिहिण्यापूर्वी कुटुंबाने मुलाशी किंवा मुलीशी एकदा निवांत बोलावे. आकांक्षा कशाची आहे, ती कोणाची आहे आणि कोठवर जाऊन थांबायचे आहे, हे विचारावे. उत्तर मिळाले, तर त्या विशेषणाऐवजी ते उत्तरच एका साध्या मराठी वाक्यात लिहावे. समोरच्या घरालाही त्यातून अधिक कळेल.