सही कोणाची?

रात्री दोनला अतिदक्षता विभागात सेप्सिसच्या रुग्णाचे बीपी कोसळते. ड्यूटीवरची सिस्टर नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा रेट वाढवते, मीन प्रेशर ६५ च्या वर येईपर्यंत बेडपाशी उभी राहते आणि मग फोन लावते. शीटवर ‘टेलिफोनिक ऑर्डर’ असे लिहिले जाते. सही होते सकाळच्या राउंडला. मधले चार-पाच तास त्या निर्णयाला कोणी धनी नसतो. काही बिघडलेच, तर मात्र धनी शोधायला वेळ लागत नाही.

नर्स प्रॅक्टिशनरला स्वतंत्रपणे औषध लिहिण्याचा अधिकार द्यावा का, हा वाद आपल्याकडे नेहमी मानापमानाच्या अंगाने होतो. प्रश्न खरा या कोऱ्या तासांचा आहे.

सरकारचा परिचारिकेच्या हातावर विश्वास नाही, असे म्हणता येणार नाही. झटके आलेल्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, जंतुसंसर्गाची शंका असलेल्या बाळाला पुढे पाठवण्याआधी जेंटामायसिन, हे एएनएमने द्यावे असे केंद्राच्याच मार्गदर्शक सूचना सांगतात. त्याच्या कितीतरी आधी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्या बायकांना जेंटामायसिन द्यायला शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी दिसला. सरकारी कार्यक्रमातली औषधे उपकेंद्रावर देण्यासाठी औषध नियमांच्या परिशिष्ट ‘के’मध्ये सवलतही आहे.

पण ती औषध ‘देण्याची’ सवलत आहे. परिशिष्ट ‘एच’मधले औषध दुकानातून घ्यायचे तर नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाचीच चिठ्ठी लागते, आणि त्या व्याख्येत परिचारिका नाही. क्रिटिकल केअरचा दोन वर्षांचा, रेसिडेन्सी पद्धतीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेने आखला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानेही नर्स प्रॅक्टिशनरचा उल्लेख केला. तरी ही पदवी घेतलेली मुलगी बहुतेक ठिकाणी अधिपरिचारिका म्हणूनच रुजू होते, नाहीतर कॉलेजात शिकवते. आपली निवेदने परिचर्या परिषदेकडे जातात; कुलूप लागले आहे ते औषध नियमांना.

इंग्लंडला हे कुलूप काढायला वीस वर्षे लागली. ज्युलिया कम्बरलेज यांच्या समितीने १९८६ मध्ये शिफारस केली, कायदा १९९२ मध्ये झाला. सुरुवातीची यादी पाहिली तर हसू येईल: ड्रेसिंगचे सामान, रेचके, किरकोळ वेदनाशामके, उवांचे औषध. जिल्हा परिचारिका जखम रोज स्वतः बांधत होती, पट्टीच्या चिठ्ठीसाठी मात्र डॉक्टरकडे खेटे घालत होती. तेवढे आधी थांबवले. यादी टप्प्याटप्प्याने वाढली आणि २००६ मध्ये, वेगळे प्रशिक्षण घेऊन नोंद केलेल्या परिचारिकांना मोजके अपवाद सोडून जवळपास सगळी औषधे खुली झाली. तिथे चिठ्ठीवर सही तिची असते, आणि चूक झाली तर नोंदणीही तिचीच जाते.

ही दुसरी बाजू आपल्या मोर्च्यांत फारशी ऐकू येत नाही. होमिओपॅथी डॉक्टरांना एका वर्षाच्या अभ्यासक्रमावर अ‍ॅलोपॅथीची औषधे लिहू देण्यासाठी महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलला, मग आम्हाला का नाही, असे विचारले जाते. दावा टाळीचा आहे, पण लंगडा. दुसऱ्याला सैल माप मिळाले, म्हणून आपणही सैलच मागायचे? डॉक्टरांच्या संघटनांचा विरोध निव्वळ मक्तेदारीपोटी आहे, असेही आम्ही मानत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ ने ‘सामुदायिक आरोग्य सेवादात्यां’ना मर्यादित परवान्याची वाट काढली, तेव्हा जुलै २०१९ मध्ये त्यांनी देशभर काम बंद ठेवले. हे लोक कोण आणि किती शिकलेले, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. प्रतिजैविके आधीच मुरमुऱ्यांसारखी वाटली जात असताना लिहिणारे हात वाढवायचे, तर त्याचे उत्तर तयार हवे.

म्हणून मागणी नेमकी करावी. आधी शासनाच्या आकृतिबंधात नर्स प्रॅक्टिशनरचे पद, वेतनश्रेणीसकट. मग अतिदक्षता, प्रसूती आणि उपकेंद्र यांच्यासाठी औषधांच्या वेगवेगळ्या छोट्या याद्या. ठरावीक वर्षांनी फेरपरीक्षा, लिहिलेल्या चिठ्ठ्यांची तपासणी, आणि औषध नियमांतल्या व्याख्येत दुरुस्ती. १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२३ चा परिचर्या व प्रसविका आयोग कायदा आला आहे. त्या आयोगासमोर ठेवायचा मसुदा आपल्याच परिसेविकांनी आणि प्राध्यापिकांनी लिहायला हवा. अतिदक्षता विभागाच्या यादीत कोणती दहा औषधे असावीत, कोणत्या मात्रेपर्यंत आणि कोणती मुळीच नकोत, हे वाचकांनी या महिन्यात आम्हाला लिहून कळवावे.